गल्लीच्या तोंडाशी टाकलेल्या विटा

धामणखेड, ता. मलकापूर
९ जानेवारी

सौ. तानाबाई हिस, सप्रेम जयभीम.

फोन तू उचलत नाहीस. समताला लावावा तर लेक फोन तुझ्याजवळ नेते आणि पलीकडून नुसती भांडी आपटल्याचा आवाज येतो. शेवटी तिनंच सांगितलं, "बाबा, आई म्हणते काय सांगायचं ते लिहून पाठवा. बोलताना तुम्ही थापा मारता, लिहिताना तुमचा हात अडखळतो." बरं. आधी तोंडाला कुलूप घातलंस, आता या वयात निबंध लिहायला लावतेस. मलकापूरला जाऊन पोस्टातून पाकिटं आणली आहेत. लिहीन. वाच, नाहीतर चुलीत घाल. तुझ्याकडं चूल नाही, गॅस आहे, तेव्हा वाचशील.

पोचलो, तब्येत ठीक आहे. घर झकास झालं आहे. आपली बौद्ध वस्ती संपते तिथून जरा पुढं, गावाच्या मोठ्या रस्त्याला लागून. ओट्यावर बसलं की समोर ग्रामपंचायत दिसते. माझा बाप या रस्त्यानं चपला हातात घेऊन जायचा, आणि त्याच्या मुलाच्या घराचं फाटक याच रस्त्यावर उघडतं. एवढ्यासाठी मी इथं आलो. मुंबईत आयुष्यभर बसमध्ये उभा राहिलो, आता माझ्या गावात माझ्या ओट्यावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्यानं राम राम करायचा आणि आपण जयभीम म्हणायचं. तुला यात काय खुपतं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि गाव किती स्वच्छ आहे म्हणून सांगू! सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना रोपं, भिंतींवर सुविचार. साखर सांडली तर उचलून चहात टाकावी. नाहीतर तुझी ती गोवंडी. कचऱ्याच्या डोंगराचा धूर सकाळी दातांत घेऊन उठायचं. नाक्यावर कोंबडीवाल्याची पिसं, त्यावर मासळीचं पाणी, त्यावर बकऱ्या. गल्लीच्या तोंडाशी गटार तर बारमाही फुटलेलं. माझी सगळी उमर नाक दाबून गेली. ड्युटीवरून आलो की आधी बाहेर उभं राहून बघायचं, आज पाणी कुठवर आलंय. मी विटा टाकल्या नसत्या तर तुला भाजी आणायला होडी लागली असती.

तू स्टेशनवर आली नाहीस त्याचं मला काही नाही. बापाचा फोटो मात्र द्यायला हवा होतास. नव्या घराच्या भिंतीवर खिळा मी आधीच ठोकून घेतला होता. तू फोटोला पाठ लावून उभी राहिलीस. म्हणालीस, "मामंजी तिकडून एकदा निघाले ते निघाले. त्याह्यले मी वापस धाडनार नाही." आणि वर ते दुसरं, "मुंबईची घाण पायाले लागते, धुतली की जाते. तिकडची कुठं लागन ते तुमचं तुम्हाले समजन." माहेर तुझं नांदुऱ्याकडचं, पण आई गेल्यापासून एक रात्र तू इकडं काढलेली नाहीस. तुला काय माहीत आता गावं कशी झाली आहेत ते.

खिळा अजून रिकामा आहे. गटाराचं काय झालं ते कळव. मला काही पडलेली नाही, सहज विचारलं.

तुझा,
गुलाबराव


धामणखेड
२ फेब्रुवारी

सौ. तानाबाई हिस, जयभीम.

उत्तर नाही. चालेल. मी कंडक्टर माणूस, कोणी ऐको न ऐको, पुढचा स्टॉप ओरडून सांगायची मला सवय आहे.

बातमी अशी की तुझा नवरा अध्यक्ष झाला आहे. हसू नकोस. सरपंच उद्धवराव स्वतः घरी आले होते. सोबत महादेवराव, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. आपल्या ओट्यावर, आपल्या खुर्चीवर बसले. बापाच्या हयातीत यांच्यातल्या कोणी आपल्या दारात पाय ठेवला नव्हता. मी आत जाऊन स्वतः चहा टाकला, आलं घालून. उद्धवराव म्हणाले, आज उपास आहे. गुरुजींचाही होता. उपासाला चहा चालतो असं मला वाटत होतं, पण एकेकाचे नियम असतात. चहा मी दोन्ही कप प्यायलो.

उद्धवराव म्हणाले, "मुंबईत राह्यलेला मानूस हाये तुम्ही. शिस्त तुमच्या अंगात मुरेल हाये. जिल्ह्याची स्वच्छ गावाची स्पर्धा हाये, औंदा आपल्याले नंबर आनाचाच. स्वच्छता समितीले अध्यक्ष पाह्यजे. तुम्ही नाही म्हनू नका."

गुरुजी म्हणाले, "हे काम तुमच्याइतकं कोनाले जमन?"

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या पटांगणात माझा सत्कार झाला. हार, नारळ, पांढरी टोपी आणि एक शिट्टी. टाळ्या पडल्या. पोरं "अध्यक्ष, अध्यक्ष" करत घरापर्यंत आली. ताना, मी तुला खरं सांगतो, रात्री झोपेपर्यंत मी तो हार काढला नाही. ज्या शाळेत माझ्या बापाला दाराबाहेर बसवलं, त्या शाळेच्या पटांगणात माझ्या गळ्यात हार पडला. तू असायला हवी होतीस. नाक मुरडत का होईना.

आता रोज पहाटे शिट्टी वाजवत गावातून फिरतो. लोक दार उघडून बघतात. कोणी प्लास्टिक टाकलं तर मी तिथंच थांबतो आणि ते उचलेपर्यंत हलत नाही. बसमध्ये फुकट्या पॅसेंजरला धरायचो ना, तसं. गावात माझा दरारा आहे.

समताला म्हणावं, आईला वाचून दाखव. तुझ्या मोतीबिंदूचं निमित्त मला नको.

गुलाबराव
(अध्यक्ष, स्वच्छता समिती)


धामणखेड
२४ फेब्रुवारी

तानाबाई,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं त्याला! पाच रुपयांच्या पाकिटात एक ओळ. "बाकीच्या समित्या कोणाला दिल्या?" खाली सहीसुद्धा नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाला चार लोकांत मान मिळाला की तो कुठून उसवता येईल ते तू आधी शोधतेस. विचारलंसच तर सांगतो. पाणी समिती उद्धवरावांच्या भावाकडं आहे, कारण विहीर त्यांच्या शेतात आहे. शाळेची गुरुजींच्या सुनेकडं आहे, ती शिकलेली आहे. यात्रेची आणि देवळाची वेगळीच असते, तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तंटामुक्तीची पाटलांकडं आहे, ती आधीपासूनच असते. प्रत्येकाला काही कारण आहे. मला स्वच्छतेची दिली कारण मी मुंबईहून आलो, शिस्तीचा आहे. त्यात काय काळंबेरं आहे?

आता तू विचारशील, समितीत आणखी कोण. तर माझा पुतण्या राजकुमार, विहाराजवळचा रवी, महामायाआत्याची नात सुचिता, अशी सगळी आपलीच. गावातलीही नावं आहेत कागदावर, पण त्यांची हरभऱ्याची सोंगणी चालू आहे, पहाटे शेतावर जावं लागतं. आपल्या माणसांना पहाटे उठून झाडायची सव

वरचा शब्द पुरा केला नाही. वाचू नकोस.

राजकुमार मागच्या आठवड्यापासून येत नाही. बी.एड. झालेला पोरगा, डोकं जरा गरम आहे. झाडू भिंतीला लावला आणि म्हणाला, "मोठेबाबा, शिट्टी तुमच्या तोंडात हाये, पन झाडू कोनाच्या हातात हाये ते पाहा ना."

मी म्हणालो, "अरे, मीही झाडतोच की तुमच्याबरोबर."

तर म्हणाला, "म्हनूनच म्हनतो."

तूच त्याला फोन केलास का? समताचं आणि त्याचं बोलणं असतं, मला ठाऊक आहे. असो. अध्यक्षपद मी सोडणार नाही. नंबर आल्यावर हेच लोक काय म्हणतात ते पाहू. कमानीवर पाटी लागेल, त्यावर नाव असेल. या गावाच्या दगडावर आपल्या घराण्यातलं नाव कधी कोणी कोरलं आहे का?

इथं संध्याकाळी फार शांत असतं. इतकं शांत की मीच मोठ्यानं खोकतो. परवा ओट्यावर बसल्या बसल्या अंडा-पावच्या गाडीचा वास आला. इथं कुठली गाडी! गटाराबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.

गुलाबराव


धामणखेड
३ एप्रिल

तानाबाई हिस, जयभीम.

काल तपासणी पार पडली. जिल्ह्याहून साहेब आले होते, दोन गाड्या भरून. शाळा पाहिली, शौचालयं पाहिली, ओला-सुका कचरा पाहिला. एका साहेबांनी बोटानं नळाची तोटी पुसून पाहिली, बोट कोरं निघालं. सगळे खूश होऊन गेले. नंबर येणार यात शंका नाही.

सकाळी थोडी धावपळ झाली. उद्धवरावांच्या गोठ्यामागं एक म्हैस मरून पडली होती. साहेब लोक यायच्या आत हलवायला हवी होती. ती गावानं मिळून हलवली. ट्रॅक्टर होता.

बाकी विशेष काही नाही. ऊन तापू लागलं आहे. कमरेत उसण भरली आहे, दोन दिवसांत उतरेल.

समताला आशीर्वाद.

गुलाबराव


धामणखेड
१६ एप्रिल

ताना,

समताचा फोन आला तेव्हाच कळलं. ती नुसती रडत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, व्हिडिओ आईनंही पाहिला."

मग आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. लिहिताना हात अडखळतो म्हणालीस, तर आज तो थांबेपर्यंत लिहितो.

उद्धवरावांचा फोन सकाळी आला. "अध्यक्ष, आमच्या गोठ्यामांगं म्हैस पडली. साहेब लोक येऊन राह्यले. तेवढं पाहून घ्या." मी गेलो. दहाबारा माणसं नाकाला रुमाल लावून लांब उभी होती. मी म्हणालो, ट्रॅक्टर तुमचा, ड्रायव्हर तुमचा, जागा तुमची, मग मी काय पाहू? उद्धवराव अगदी गोड आवाजात म्हणाले, "ट्रॅक्टर लावतो ना. दोर कोन बांधन?"

कोणी आवाज चढवला नाही. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, मी तिथंच फिरलो असतो. सगळे नुसते माझ्याकडं बघत होते, बस सुटायची वेळ झाली आणि कंडक्टर चढत नाही अशा नजरेनं. गुरुजी म्हणाले, "गुलाबराव, आता गावाची इज्जत तुमच्या हाती." मी वस्तीकडं पाहिलं. राजकुमार लांब, लिंबाखाली उभा होता. तो जागचा हलला नाही.

तुला माहीत आहे माझ्या बापानं काय केलं होतं. मी जन्मायच्या आधीची गोष्ट, धम्म घेतल्यानंतरची. गावात ढोर मेलं की ते ओढून नेणं आपल्या घराण्याकडं होतं. पाटलाचा बैल पडला, बोलावणं आलं. बाप दोर घेऊन चावडीपुढं गेला आणि तो तिथं टाकून म्हणाला, आजपासून ज्याचं ढोर त्यानं ओढावं. मग गिरणीनं दळण बंद केलं, शेतात काम बंद झालं, आणि बापाला गाव सोडावं लागलं. त्या एका दोरामुळं आपण मुंबईचे झालो. त्याच्या फोटोपुढं तू रोज उदबत्ती लावतेस ती त्यासाठीच.

आणि मी, पंजाबरावचा मुलगा, तो दोर म्हशीच्या पायांना बांधला.

पहाटे अंघोळ करून घातलेला पांढरा सदरा होता अंगात. टोपी होती. गळ्यात शिट्टी होती. गाठ बसेना म्हणून मला गुडघे टेकावे लागले. मनात एकच होतं, साहेब येतील, नंबर जाईल, आणि लोक म्हणतील अध्यक्षामुळं गेला. ज्या हातानं मी बसच्या घंटीची दोरी ओढली, सबंध मुंबई थांबवली आणि सोडली, त्याच हातानं. बांधून झाल्यावर ड्रायव्हरला डबल बेल द्यावी तसा मी हात वर केला. ते व्हिडिओत आहे म्हणे. मी पाहिलेला नाही.

तो काढणारा उद्धवरावांचाच भाऊ. वाईट हेतूनं काढला नाही, हे जास्त वाईट आहे. गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "पदाचा गर्व नाही, असा अध्यक्ष होणे नाही." शेकडो लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. गुरुजींनी फूल टाकलं.

परवा जयंती झाली. दर वर्षी वस्तीतल्या मोठ्या माणसाच्या हातून विहारात मेणबत्ती लागते. यंदा तो मान माझा होता. मी निळा फेटा बांधून गेलो. कोणी अडवलं नाही, कोणी सरकून जागाही दिली नाही. रवीनं माझ्यासमोरून मेणबत्ती उचलून महामायाआत्याच्या हातात दिली. म्हातारीला धड दिसत नाही, दोघांनी धरून तिला पुढं नेलं. परत येताना ती माझ्यापाशी थांबली. तोंड चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "तुह्या बापानं दोर फेकला व्हता गुलाब. तू उचलला."

मिरवणूक माझ्या फाटकासमोरून गेली. डीजे आमच्या घराशी आल्यावर बंद केला आणि पुढं जाऊन पुन्हा लावला.

तेव्हा ही अशी अवस्था आहे. गावाला मी हवा आहे तो दोरापुरता, आणि वस्तीला मी नको आहे त्या दोरामुळं. उद्धवराव काल पुन्हा येऊन गेले. त्यांचा उपास अजून सुटलेला नाही.

मला उत्तर नको. तू काय लिहिशील ते मला पाठ आहे.

गुलाब


धामणखेड
४ मे

ताना,

नंबर आला. जिल्ह्यात दुसरा. गावात पेढे वाटले, मलाही दिले, कागदात गुंडाळून, वरून हातावर सोडले. मुंबईत मी कोणाच्या हातावर तिकीट असं कधी सोडलं नाही.

कमानीवर पाटी लागली आहे. तिच्यावर सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक आणि पाणी समिती आहे. माझं नाव नाही. विचारलं तर उद्धवराव म्हणाले, "पाटी लहान पडली. तुमचा तर फोटोच लावला ना हापिसात." ग्रामपंचायतीत गेलो. सरपंचाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, मी. गुडघे टेकलेले, दोर हातात, म्हैस अर्धी दिसते. खाली "आदर्श अध्यक्ष" अशी अक्षरं, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार. माझ्या नव्या घरातला खिळा रिकामाच राहिला बघ, आणि मी त्यांच्या खिळ्याला लटकलो.

मी म्हणालो, हा काढा.

उद्धवरावांना खरंच कळेना. "काऊन? मानाचा फोटो हाये. लोकाह्यले असा मान भेटत नाही."

मी स्टूल ओढलं, चढलो आणि फोटो काढला. शिट्टी गळ्यातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हणालो, हिचा पुढचा अध्यक्ष तुमच्या घरातला करा आणि पुढची म्हैस त्याच्याकडून बांधून घ्या. मी फोटो बगलेत मारून मोठ्या रस्त्यानं घरी आलो. पाठीमागून कोणीतरी हसलं. संध्याकाळी राजकुमार आला, इतक्या दिवसांनी. मला वाटलं शाबासकी द्यायला आला. म्हणाला, "मोठेबाबा, त्याह्यनं मलकापुरातून दुसरा छापून आनला. पयल्यापेक्षा मोठा हाये."

तो आहे तिथंच आहे. मी किती काढणार? त्यांच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे तो.

ताना, या स्वच्छ रस्त्याचा मला वीट आला आहे. सकाळी उठतो आणि नाक काहीतरी शोधत बसतं. तो धूर, ती मासळी, नाक्यावरच्या गॅरेजचं ऑइल, पावाची भट्टी, तू ड्युटीला जातेस त्या प्रसूतिगृहातून अंगाला घेऊन येतेस तो फिनेलचा वास. माझी मुंबई घाणेरडी आहे, लाख वेळा म्हणेन. पान खाऊन थुंकते, कचरा खिडकीतून टाकते, माणूस मेला तरी बाजूनं वाट काढून जाते. आणि तिच्या गटारात उतरणारेही आपलेच आहेत, हे तू मला सांगायची गरज नाही. बसच्या खिडकीतून मी रोज पाहिलं आहे, कमरेपर्यंत आत उतरलेली आपली पोरं. माझे आतेभाऊ त्याच कामात गेले. ती काही न्यायाची नगरी नाही. तरी मला ती आवडते. जीव तुटतो तिच्यासाठी. आता लाज सोडून लिहितो.

का ते सांगतो. एकदा गटार असंच फुटलं होतं. मी ड्युटीला निघालो होतो, युनिफॉर्ममध्ये. पलीकडं एक बाई अडकली होती, भरजरी साडीतली, लग्नाला निघालेली, कोणत्या घरची ते देव जाणे. मी नुकत्याच विटा टाकल्या होत्या. ती म्हणाली, "काका, हात द्या ना जरा." आणि तिनं माझा हात घट्ट धरला. काळं पाणी, डगमगणाऱ्या विटा, आणि ती माझ्या हातावर सगळा भार टाकून पलीकडं आली. थँक्यू म्हणून रिक्षात बसून गेली. मला ती गोष्ट इतकी साधी वाटली होती की घरी येऊन तुला सांगितलीसुद्धा नाही. आता रोज आठवते. इथं येऊन इतके महिने झाले, गावानं माझ्या गळ्यात हार घातला, डोक्यावर टोपी घातली, हातात दोर दिला. हातात हात कोणी दिला नाही.

मला परत यायचं आहे. घर राजकुमारला राहायला देतो. त्यानं तिथं पोरांसाठी अभ्यासिका काढायची म्हटलं आहे, काढू दे. फाटक रस्त्यावर उघडतं ते त्यांच्या उपयोगी पडेल. तो आता माझ्याशी बोलतो, पण मोठेबाबा म्हणताना आधी खाली बघतो.

तू दार उघडशील का एवढंच सांग. बाकी तू जे बोलायचं ते बोल. मी मधे बोलणार नाही.

तुझा,
गुलाब


गोवंडी, मुंबई
१२ मे

समताच्या बाबांस, जयभीम.

पत्रं सगळी वाचली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता दिसतं. तुम्ही विचारलं नाही, तरी कळवते.

व्हिडिओ मी पुरता पाहिला नाही. तुम्ही गुडघे टेकले तिथं बंद केला. समताला सांगितलं, पुसून टाक. ती म्हणाली, आपल्या मोबाइलमधून पुसून काय होतं? तरी पुसायला लावला.

मी सांगितलं होतं, असं मी लिहिणार नाही. सांगितलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

घर तुमचंही आहे, तेव्हा या. पण मामंजींचा फोटो हॉलमध्येच आहे, दारातून आत आलं की समोर. मी तो तुमच्यासाठी हलवणार नाही. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी तेव्हा मोरीत जाऊन नळ सोडीन, मला ऐकायचं नाही. आणि तुमचा तो काचेचा फोटो इकडं आणू नका. तिकडंच फोडा, नाहीतर जाळा.

गल्ली आहे तशीच आहे. कोंबडीवाला नाक्यावरून उठून आता आपल्या घराशेजारी आला, पिसं थेट दारात येतात. गटार महिनाभर फुटलेलं आहे. तुमच्या विटा खचल्या. लोक मला विचारतात, विटावाले काका कुठं गेले? मी सांगते, गाव स्वच्छ करायला गेले. नवीन विटा मी टाकल्या नाहीत, ते तुमचं काम आहे.

स्टेशनवर मी येणार नाही, माझी ड्युटी असते. गल्लीच्या तोंडाशी आलात की चपला हातात घ्या, पाणी घोट्याच्या वर आहे. पाय धुवायला दारात बादली भरून ठेवीन. हातांचं मात्र मला काही करता येणार नाही.

तानाबाई